मुलाचा डाव

दोन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक हवंय, असं म्हटलं की बहुतेक दुकानांत आधी जाड पुठ्ठ्याची फळं, भाज्या, प्राणी आणि वाहनं पुढे येतात. एका पानावर एक चित्र, खाली त्याचं नाव. गिऱ्हाईक थोडं रेंगाळलं तर वरच्या फळीवरून दुसरा गठ्ठा निघतो. त्यात झडप उचलली की आड लपलेला सिंह दिसतो, पान उघडलं की आख्खा किल्ला उभा राहतो, कुठे बोट घालायला भोक असतं, कुठे मऊ कापडाचा तुकडा चिकटवलेला असतो. ‘खेळकर’ म्हणून ही सगळी एकाच फळीवर असतात, पण त्यांचे पूर्वज वेगवेगळे आहेत आणि स्वभावही. कोणतं घ्यावं हे ठरवताना त्यांची घराणी माहीत असण्याचा फार उपयोग होतो. अंगणात मोठ्यांच्यात खेळायला घेतलेलं लहान मूल एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं: माझा डाव कधी? पुस्तक हातात घेतल्यावर मीही तेच शोधते. ह्याने मुलाला डाव दिला आहे, की सगळे डाव स्वतःच खेळून घेतले आहेत?

झडपेचा जन्म मुलांसाठी झालाच नाही. तेराव्या शतकात मयोर्का बेटावरच्या रामोन लुल ह्या तत्त्वज्ञाने आपल्या ग्रंथात एकावर एक फिरणाऱ्या कागदी चकत्या बसवल्या, त्या तर्काची सूत्रं जुळवण्यासाठी. पुढे ज्योतिषाच्या आणि खगोलाच्या पुस्तकांत अशा चकत्या खूप दिसतात. झडपेचं मात्र खरं माहेर म्हणजे शरीरशास्त्र. १५३८ साली स्ट्रासबुर्गमध्ये हाइन्रिख फोग्टहेअर ह्याने स्त्रीदेहाचं एक सुटं पत्रक छापलं. पोटावरचा कागद उचलला की आतले अवयव थराथरांनी दिसत जायचे. १५४३ मध्ये बाझेलला छापलेल्या, शरीरशास्त्रज्ञ वेसालियसच्या विख्यात ग्रंथात आणि त्याच्या संक्षेपात अवयवांची चित्रं वेगळ्या कागदावर दिलेली होती, वाचणाऱ्याने ती कापून एकावर एक चिकटवायची. प्रेत चिरलेलं पाहायला मिळणं ज्यांना दुर्मीळ होतं, त्यांना कागद उचलून माणसाच्या आत डोकावता येऊ लागलं. झाकलेलं उघडून पाहावंसं वाटणं हे माणसात इतकं खोलवर आहे, की मोठ्यांनी ते आधी स्वतःसाठी वापरलं आणि मुलांपर्यंत पोचायला त्याला दोन शतकं लागली.

मुलांच्या हातात पुस्तकाबरोबर खेळ द्यावा, हे दुकानदारीच्या अंगाने पहिल्यांदा ठळकपणे केलं लंडनच्या जॉन न्यूबेरीने. १७४४ साली त्याने मुलांसाठी एक चिमुकलं खिशात मावणारं पुस्तक काढलं. पुस्तकाची किंमत ६ पेन्स. आणखी २ पेन्स दिले तर मुलाला चेंडू आणि मुलीला टाचण्यांची उशी मिळे. दोन्हींची एक बाजू लाल, एक काळी. चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी, वाईट वागलं की काळ्या बाजूला. चेंडू मुलाच्या हाती आला खरा, पण हिशेब मोठ्यांचाच राहिला. तरीही ‘पुस्तकाने मुलाला आनंद द्यावा’ हे उघडपणे म्हणणारा प्रकाशक म्हणून न्यूबेरीचं श्रेय मोठं आहे. अमेरिकेत बालसाहित्यासाठी १९२२ पासून दिलं जाणारं मानाचं पदक त्याच्या नावाने आहे.

वीसेक वर्षांनी, १७६५ च्या सुमारास, लंडनचाच नकाशे आणि छापील चित्रं विकणारा रॉबर्ट सेयर ह्याने घडीची पुस्तकं आणली. एकाच लांब कागदाच्या चार घड्या, प्रत्येक घडीवर एक झडप वरून आणि एक खालून मिटलेली. वरची उचलली की चित्राचा अर्धा भाग बदले, खालची उतरवली की उरलेला. विषय त्या काळच्या लोकप्रिय मूकनाट्यांचे, विदूषक हार्लेक्विनचे. रंगभूमीवर पडदा सरकतो आणि दृश्य पालटतं, ते इथे बोटाच्या टोकाने घडत होतं. मला हे कागद फार महत्त्वाचे वाटतात. पुढे काय होणार ते वाचणाऱ्याच्या बोटावर अवलंबून ठेवायचं, ही कल्पना मनोरंजनाच्या पुस्तकात इथे नीट उतरली.

पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उपदेशाने झडपेवर ताबा मिळवला. विल्यम ग्रिमाल्डी हा लघुचित्रं काढणारा चित्रकार. त्याने मुलीच्या शृंगारमेजावरच्या वस्तूंची चित्रं काढली आणि प्रत्येक चित्रावर झडप बसवली. १८२१ साली त्याच्या मुलाने ते पुस्तक छापलं. आरसा उचलला की आड नम्रता, गालांचा रंग उचलला की विनय. हात मुलीचा, चित्र देखणं, आणि आड मात्र प्रत्येक वेळी शिकवण. एकदा उघडून झाल्यावर दुसऱ्यांदा उघडावं असं तिथे काय उरतं? आज बाजारात झडपेआड ‘अ’, ‘आ’ किंवा एक ते दहा आकडे लपवलेली पुस्तकं पाहिली की ती ह्याच घराण्यातली आहेत हे लगेच ओळखू येतं.

शतकाच्या मध्यावर लंडनच्या डीन अँड सन ह्या प्रकाशनाने हलत्या चित्रांची पुस्तकं मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली, आणि ह्या यांत्रिक करामतीचं शिखर गाठलं म्युनिकच्या लोथार मेगेनडोर्फरने. त्याच्या पुस्तकात कागदाची एक पट्टी ओढली की माणसाचा हात वर जातो, डोळे फिरतात, शेजारचं कुत्रं मान वळवतं. पानाच्या मागे दडवलेल्या कागदी कड्या आणि बारीक तारेच्या खिळ्या हे सारं एकदम चालवत. १८८७ सालची त्याची घडीची सर्कस आजही संग्राहक जपतात. तरीही खेळाच्या बाजूने पाहिलं तर मूल इथे फक्त पट्टी ओढतं, बाकी सगळं यंत्र करतं. मूल पाहत राहतं, थक्क होतं, आणि काही वेळाने पट्टी हातात येते. आजच्या भव्य पॉप-अप किल्ल्यांचं आणि डायनासोरांचं हे मूळ घर. तीन वर्षांच्या मुलाला असं पुस्तक दिलं की मोठी माणसं अर्धा वेळ ‘हात लावू नकोस’ म्हणत बसतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तेच द्यावं. कागद कसा दुमडलाय हे त्याला उलगडून पाहावंसं वाटतं आणि तिथे ते पुस्तक खऱ्या अर्थाने कामाला येतं.

ह्याच काळात दुसऱ्या एका घराण्याने झडपेशिवायच खेळ मांडला. एडमंड एव्हन्स ह्या रंगीत छपाईत मुरलेल्या मुद्रकासाठी रँडॉल्फ कॅल्डेकॉटने १८७८ पासून वर्षाला दोन अशी पातळ चित्रपुस्तकं केली, किंमत एक शिलिंग. जुन्या बालगाण्याची ओळ तो तोडून तोडून पानापानांवर पसरतो, आणि शब्द जिथे गप्प बसतात तिथे चित्राकडून भलतंच सांगून घेतो. पुढच्या पानावर काय असेल ह्या उत्सुकतेनेच पान उलटलं जातं. अमेरिकन चित्रपुस्तककार मॉरिस सेंडाकने आधुनिक चित्रपुस्तकाची सुरुवात कॅल्डेकॉटपासून मानली ती ह्यामुळेच. पान हीच सर्वांत मोठी झडप आहे, हे कॅल्डेकॉटने ओळखलं होतं.

आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी हे जाणून होतेच. सुट्या चित्रांची पोथी मांडीवर घेऊन, गाण्याच्या साथीने एकेक चित्र पुढे धरायचं आणि प्रसंग रंगला की पुढचं काढायचं. ती पोथी लहान मुलांसाठी नव्हती आणि युरोपातल्या चित्रपुस्तकांशी तिचं नातंही नाही. पण पुढचं चित्र किती वेळ अडवून धरायचं, हे कसब आजही मुलाला मांडीवर घेऊन वाचणाऱ्या प्रत्येकाला लागतं.

अमेरिकेत पीटर न्यूएलने १९०८ साली पुस्तकाच्या शरीरालाच हात घातला. एका मुलाच्या हातून बंदूक सुटते आणि गोळी सगळ्या पुस्तकातून आरपार जाते. प्रत्येक पानाला खरोखरचं भोक, आणि प्रत्येक पानावर त्या भोकामुळे झालेला नवा घोटाळा. पुढे १९१० मध्ये त्याने उतारावरून सुटलेल्या बाबागाडीचं पुस्तक केलं, ते पुस्तकच तिरकं कापलेलं. इथे करामत सजावट म्हणून आलेली नाही, गोष्टच तिच्यातून निघते. चांगल्या खेळकर पुस्तकाची ही मला सर्वांत भरवशाची खूण वाटते: भोक बुजवलं तर गोष्ट कोसळली पाहिजे.

मग येतं १९४० साल आणि डोरोथी कुनहार्ट. तिने आपल्या सर्वांत धाकट्या मुलीसाठी, ईडिथसाठी, सशाला थोपटायचं पुस्तक केलं. ते छोटंसं, प्लॅस्टिकच्या दातेरी बांधणीचं. त्यातल्या पॉल आणि ज्युडी ह्या मुलांच्या पाठोपाठ वाचणाऱ्या मुलानेही एकेक काम करायचं. ससा मऊ लागतो, कापडाआड चेहरा लपलेला असतो, आरशात स्वतःला पाहायचं, आईच्या अंगठीच्या भोकात बोट घालायचं, आणि बाबांच्या दाढीचे खुंट म्हणून चिकटवलेल्या सँडपेपरवरून हात फिरवायचा. पुस्तकात फारसं काही घडतच नाही. घडतं ते मुलाच्या हातून. तोवर मुलांच्या पुस्तकात झडप असे, पण घरातली दाढी नव्हती. वर्षभराच्या मुलाचं जग म्हणजे आई, बाबा, मऊ, खरखरीत, दिसलं, लपलं. कुनहार्टने तेवढंच घेतलं आणि तेवढ्यालाच पुस्तक म्हटलं. पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या आणि ‘हात लावून पाहा’ जातीच्या असंख्य पुस्तकांची ती मूळ आई ठरली. दुर्दैवाने वंशजांतल्या पुष्कळांनी फक्त मऊ कापडाचा तुकडा उचलला. वाघाच्या पोटाला केसाळ कापड, मगरीच्या पाठीला खडबडीत प्लॅस्टिक. मुलाने कधी वाघ थोपटलेला नाही, त्यामुळे त्या स्पर्शाला त्याच्या अनुभवात जागाच सापडत नाही.

पाच वर्षांनी, युद्ध संपताना, मिलानमध्ये ब्रूनो मुनारीलाही आपल्याच मुलासाठी पुस्तक करावंसं वाटलं. त्याचा मुलगा अल्बेर्तो पाच वर्षांचा होत होता आणि त्याला द्यावंसं पुस्तक सापडत नव्हतं. १९४५ साली मुनारीने मोन्दादोरी ह्या प्रकाशनासाठी मुलांच्या पुस्तकांची मालिकाच केली. एकात दारावर टकटक होते, झडप उघडली की एक पाहुणा, त्याच्या सामानात आणखी एक. पानांचे आकार एकात एक लहान होत जातात. १९८० मध्ये तर मुनारीने बारा चिमुकली ‘पुस्तकापूर्वीची पुस्तकं’ केली, प्रत्येक १० बाय १० सेंटिमीटरचं, कुणी लाकडाचं, कुणी कापडाचं, कुणी प्लॅस्टिकचं, कुणी कागदाचं. त्यांना पुढचं-मागचं असं काही नाही. कशीही धरली तरी ती सरळच. अक्षर ओळखता न येणाऱ्या मुलाने पुस्तक ‘उलटं’ धरलं म्हणून त्याच्या हातातून ते काढून फिरवून देणारी मोठी माणसं आपण रोज पाहतो. मुनारीने ती वेळच येऊ दिली नाही.

एरिक कार्लची १९६९ सालची खादाड अळी आता इतकी ओळखीची झाली आहे की तिचं नवल वाटेनासं झालंय, म्हणून तिच्याजवळ जरा थांबते. कार्लचा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचा, पण सहाव्या वर्षी आईवडील त्याला घेऊन जर्मनीला, स्टुटगार्टला परतले. युद्धात वडील सैन्यात ओढले गेले आणि रशियनांच्या कैदेतून कित्येक वर्षांनी खचून परत आले. त्याआधीचे वडील कार्लने आयुष्यभर आठवले: रानात फिरायला नेणारे, दगड उचलून, झाडाची साल सरकवून खालचा जीव दाखवणारे आणि मग तो अलगद जागच्या जागी ठेवणारे. एके दिवशी कार्ल कागदांच्या गठ्ठ्यात पंचाने भोकं पाडत होता. भोकं पाहून त्याला पुस्तक खाणारा किडा सुचला, विली नावाचा. संपादक ॲन बेनेड्यूस ह्यांना किडा तेवढा आवडेना, त्यांनी अळी सुचवली. अळी म्हटल्यावर शेवटी फुलपाखरू आलंच. लहान-मोठ्या रुंदीची पानं आणि प्रत्येकाला भोकं, हे अमेरिकेत परवडेल अशा किमतीत छापून मिळेना. शेवटी जपानमध्ये सोय लागली. सोमवारी एक सफरचंद, मग वाढत वाढत शुक्रवारी पाच संत्री, आणि प्रत्येक फळाला अळीच्या तोंडाएवढं भोक. मुलाची करंगळी त्यात नेमकी जाते. वार, आकडे आणि फळं मुलाला पाठ होतात हे खरं, पण त्यासाठी कुणी ते पुस्तक दुसऱ्यांदा मागत नाही. मूल मागतं ते बोट घालायला.

झडपेने मात्र आपला खरा सोबती शोधला १९८० साली. इंग्लंडमध्ये जाहिरातींची चित्रं काढणारा एरिक हिल एका जाहिरातीच्या कागदावर काम करत होता. त्यावरची झडप त्याच्या छोट्या मुलाला सारखी उघडावीशी वाटे. त्यातून स्पॉट ह्या पिल्लाचं पुस्तक आलं. आई पिल्लाला शोधतेय: दाराआड आहे का, घड्याळात आहे का, जिन्याखाली, पलंगाखाली? प्रत्येक झडपेआड कुणीतरी भलताच, अस्वल, साप, सिंह, मगर, आणि तो म्हणतो, नाही. हे ‘नाही’ म्हणायचं काम मूल हां हां म्हणता स्वतःकडे घेतं. सिंह कुठे आहे हे दुसऱ्या वाचनापासून त्याला ठाऊक असतं, तरी ते उघडतं, आणि आधीच हसायला लागतं.

ज्याला पुढचं ठाऊक आहे ते मूल पुन्हा पुन्हा का उघडतं? आपल्या घराघरांतला ‘बुवाऽ कुक’ आठवावा. पदर तोंडावर घ्यायचा, थांबायचं, काढायचा. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर आणि त्यांच्या सहकारी व्हर्जिनिया शेरवूड ह्यांनी १९७६ साली ह्याच खेळाचा बारकाईने अभ्यास मांडला. लपणं, थांबणं, दिसणं आणि पुन्हा जुळणं, ह्या खेळाला पक्के नियम असतात. सुरुवातीला खेळ आई चालवते, मग हळूहळू मूल पदर आपल्या हातात घेतं. १९७८ मध्ये अनात निनियो आणि ब्रुनर ह्यांनी एका आई-मुलाचं चित्रपुस्तक पाहणं मूल आठ महिन्यांचं असल्यापासून दीड वर्षाचं होईपर्यंत टिपलं. आई म्हणते बघ, मग विचारते हे काय, मग नाव सांगते, मग हो म्हणते. मुलाने नुसतं हसून दाखवलं, हात पुढे केला, काही बडबडलं, तरी आई ते उत्तर म्हणून घेते आणि पुढे जाते. हिलचं पुस्तक ह्याच लयीत बसतं. ते थांबायला जागा देतं, आणि थांबण्याचं काम कागदाला येत नाही, माणसालाच करावं लागतं.

अभ्यासातून आलेली आणखी एक गोष्ट विकत घेणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. व्हर्जिनिया विद्यापीठात ज्यूडी डिलोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या आसपास काही प्रयोग केले. पट्ट्या, झडपा, पॉप-अप असलेल्या पुस्तकांतून लहान मुलांनी साध्या पुस्तकांपेक्षा कमी नवी माहिती उचलली. हात गुंतला की लक्ष कागदाकडे जातं. म्हणून अक्षरं आणि प्राण्यांची नावं शिकवायला झडपांचं पुस्तक घेऊ नये. त्यासाठी साधं, स्वच्छ चित्रांचं पुस्तक पुष्कळ. झडपेचं पुस्तक घ्यायचं ते दोघांच्या खेळासाठी.

मराठीत मूळची अशी पुस्तकं विरळा, ह्यामागे हिशेब आहे. भोकासाठी डाय पंचिंग, झडपेसाठी हाताने चिकटवणं, आणि दोन्ही परवडायला मोठी आवृत्ती. १९७०-८० च्या दशकांत पाश्चात्त्य पॉप-अप पुस्तकं कोलंबियातल्या काली शहरात शेकडो हातांनी जुळवली जात, आणि एकाच छपाईत अनेक भाषांच्या आवृत्त्या निघत. रंगीत प्लेटा त्याच, काळ्या मजकुराची तेवढी बदलायची. आपल्याकडे हीच युक्ती नॅशनल बुक ट्रस्टने, चेन्नईच्या तूलिकाने आणि बंगळुरूच्या प्रथम बुक्सने अनेक भारतीय भाषांसाठी वापरली, म्हणून स्वस्त आणि देखणी मराठी चित्रपुस्तकं मिळतात. त्यांत झडप नाही, पण कॅल्डेकॉटच्या घराण्याचा खेळ आहे. माधुरी पुरंदरे ह्यांची ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं घ्यावीत: रोजचं घर, त्यातली माणसं, मुलाला बोट ठेवून बोलता येईल असा तपशील. चेन्नईच्या तारा बुक्सने वारली चित्रकारांकडून क्रियापदांचं एक पुस्तक करून घेतलं, जाड कागदावर हाताने स्क्रीन प्रिंटिंग केलेलं. पानभर इवलीइवली माणसं धावतात, नाचतात, दळतात, भांडतात. डहाणू-जव्हारच्या घरांच्या भिंतींवरची ही माणसं शोधत राहायची, आणि कोण काय करतंय हे मुलाने सांगायचं.

फ्रेंच चित्रकार एर्व्हे त्युले ह्याने २०१० मध्ये तर सगळी करामतच काढून टाकली. साध्या कागदावर एक पिवळा ठिपका. त्यावर बोट दाबायचं, पान उलटायचं, ठिपके दोन झालेले असतात. पुस्तक हलवलं की पुढच्या पानावर ठिपके विखुरलेले. त्याच वर्षी आयपॅड बाजारात आला, आणि इकडे मुलं कागदावर बोट दाबून जादू झाली असं मानायला आनंदाने तयार होती. एकही झडप नाही, एकही भोक नाही, तरी डाव पूर्ण मुलाचा. कुठल्याही मराठी चित्रपुस्तकाला हे घरी करता येतं. पानावरच्या मांजरीवर चिठ्ठीचा कागद चिकटवायचा, नाहीतर तळहात ठेवायचा आणि विचारायचं, कोण असेल?

एक विनंती मात्र बालवाचनालयं चालवणाऱ्यांना. झडपांची पुस्तकं फाटतात म्हणून ती कपाटात ठेवली जातात, किंवा फक्त ताईंच्या देखरेखीखाली दाखवली जातात. ती घरी जाऊ द्यावीत. जाण्याआधी प्रत्येक झडपेच्या बिजागरीला मागून कापडी पट्टी लावावी आणि फाटलेली झडप परत आली तर दंड न घेता पुन्हा चिकटवावी. ज्यांना विकत घेणं परवडत नाही त्यांच्या मुलांना हा खेळ मिळायचा तो ह्याच वाटेने.